तीन रविवारांच्या आधी

१
लग्न ठरलं की चर्चमध्ये ओळीने तीन रविवार घोषणा होते. अमुक यांचे चिरंजीव, तमुक यांची कन्या. या विवाहाला कोणाची काही अडचण असल्यास कळवावं. त्याच्या आधीच्या काळाची घोषणा कोणी करत नाही. दोघं एकमेकांना आवडू लागलेली असतात, दोघांचा येशूवर विश्वास असतो, आणि पुढे कसं चालायचं हे नेमकं कोणाला विचारावं ते कळत नसतं. घरी विचारलं तर लगेच तारीख काढतात. मित्रांना विचारलं तर हसतात. ही टिपणं त्या काळाविषयी.

२
अब्राहामाचा कारभारी इसहाकासाठी मुलगी पाहायला निघाला. गावाबाहेरच्या विहिरीशी पोचल्यावर त्याने आधी प्रार्थना केली. खूण मागितली ती अशी: मी पाणी मागेन, आणि जी मुलगी मला तर देईलच, वर माझ्या उंटांनाही पाजते म्हणेल, ती. उंट दहा होते. लांबून आलेला तहानलेला एक उंट शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. रिबका नावाची मुलगी घागर घेऊन पळत खाली जात होती, भरून वर येत होती, पुन्हा जात होती. तो माणूस तोंडातून शब्द न काढता बघत उभा राहिला.
जोडीदारासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाने उत्पत्तीचा चोविसावा अध्याय सावकाश वाचावा. त्या कारभाऱ्याने रूप पाहिलं, घराणंही विचारलं. पण त्याआधी अनोळखी माणसाशी आणि जनावरांशी ती कशी वागते ते पाहिलं.

३
त्याच अध्यायाच्या शेवटी बोलणी झाली, दागिने दिले, जेवणं झाली. तरी निघायच्या वेळी घरच्यांनी रिबकेला बोलावून तिचं मत विचारलं. जायला ती तयार आहे की नाही? तिने होकार दिला, मगच उंट निघाले.

४
कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी फादर वर आणि वधू दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात. मुलगी आत असते तेव्हा मुलगा बाहेर. आईवडील तर दोन्ही वेळा बाहेर. प्रश्नांत एक असतोच: तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? धाकाने किंवा जबरदस्तीने दिलेली संमती चर्चच्या कायद्यात संमतीच ठरत नाही; तसा विवाह मुळातच झाला नाही असं धरलं जातं.
अशा वेळी बाहेर व्हरांड्यात बसलेली एक आई मी पाहिली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर बंद दारावर. आत काय विचारतात हे तिला माहीत होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिलाही विचारलं असणार.

५
तरुण संघात हल्ली एक वाक्य कानावर पडतं: “देवाने मला दाखवलं की तूच माझी बायको होणार.”
समोरच्या मुलीने काय करावं? नाही म्हटलं तर तिने देवाला नाही म्हटलं असं होतं. हे प्रेम नाही, हा दबाव आहे, आणि त्यात देवाचं नाव आल्याने तो जास्त जड आहे. देव खरंच बोलला असेल तर तो तिच्याशीही बोलेल. तोवर मुलाने गप्प राहावं, आणि तिने नाही म्हटलं तर ते ‘नाही’ पूर्ण ऐकावं.

६
मरीया गरोदर आहे हे योसेफाला कळलं. आपलं मूल नव्हे, एवढं त्याला ठाऊक होतं. मागणी झालेली होती. तो चारचौघांत तिची बेअब्रू करू शकला असता आणि त्या काळच्या नियमाने त्याला कोणी बोल लावला नसता. त्याने ठरवलं की गाजावाजा न करता तिला सोडावं. देवदूत स्वप्नात आला तो यानंतर. म्हणजे काहीही उलगडा झालेला नसताना, मन पुरतं मोडलेलं असताना, त्याने तिच्या इभ्रतीचा विचार केला होता.

७
प्रेम मोडल्यावर दुसऱ्या दिवशी मित्रांच्या ग्रुपवर फिरणारे जुन्या चॅटचे फोटो.

८
करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती लग्नात वाचला जातो. पत्रिकेवर छापतात, फ्रेम करून आहेर देतात. पौलाने तो लग्नासाठी लिहिला नव्हता. करिंथची मंडळी आपसांत भांडत होती: कोण मोठा, कोणाचं कृपादान वरचं, प्रभुभोजनाला कोण पोटभर जेवतो आणि कोण उपाशी राहतो. त्या भांडणाच्या मधोमध हा अध्याय आहे.
म्हणून तो साखरपुड्याला वाचण्यापेक्षा पहिलं मोठं भांडण झाल्याच्या रात्री वाचला तर जास्त समजतो.

९
इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून मोजावं. पत्नींना उद्देशून ओव्या तीन, बावीस ते चोवीस. पुढे पंचविसाव्यापासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं पतींना. आणि या सगळ्याच्या आधी, एकविसाव्या ओवीत, सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं असं सांगितलेलं आहे. उपदेश बऱ्याचदा बाविसावीपासून सुरू होतो.
लग्न ठरवणाऱ्या मुलाला माझं सांगणं एवढंच की त्याने आपला भाग पाठ करावा. तो मोठा आहे आणि त्यात जीव देण्याविषयी लिहिलं आहे.

१०
कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं लग्न बाराव्या वर्षाच्या आतबाहेर झालेलं. आता पदरात मूल, आणि नवरा परधर्मात गेला म्हणून घरात आकांत. दोघं काही वर्षं दुरावली.
त्या काळी हिंदुस्थानात १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्याबरोबर नांदायला जोडीदार तयार नसेल, तर कोर्टात जाऊन, ठरावीक मुदत थांबून, विवाह मोडून घेता येत असे. म्हणजे टिळकांना वाट मोकळी होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. पत्रं लिहिली, निरोप धाडले, थांबले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या तेव्हाही आपलं सोवळं-ओवळं घेऊन आल्या, आणि टिळकांनी ते चालू दिलं. जात माणसाने केली, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना पटलं ते त्यांचं त्यांना, स्वतःच्या डोक्याने. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मध्ये पाच वर्षं गेली.
विश्वासावर उभ्या राहिलेल्या प्रेमाचं मराठीतलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि ते गुळगुळीत नाही, म्हणून जास्त चांगलं. टिळक तापट होते, हातात पैसा टिकत नसे, रागाच्या भरात घरातून निघून जात. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी यातलं काही झाकलेलं नाही. बाप्तिस्म्याने त्यांचा स्वभाव पालटला असा आव त्या आणत नाहीत. आणि तरीही पानापानांतून त्या माणसावरची माया दिसते.

११
टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या होत्या.

१२
ख्रिस्ती वधू-वर सूचक मेळाव्यात धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ भरून झाल्यावर हळूच विचारलं जातं: “पण मूळचे कोण?” गोव्यात बामण, चारड, सूदिर. आपल्याकडे मिशनच्या आधीची जात. सव्वाशे-दीडशे वर्षं झाली आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याला. एकाच वेदीशी गुडघे टेकतात, एकाच प्याल्यातून पितात, आणि मुलगी द्यायची वेळ आली की आठवतं.
प्रेमात पडलेल्या दोघांनी इथे कणा ताठ ठेवला तर ती त्यांच्या विश्वासाची पहिली खरी साक्ष होईल. मंडळीसमोर उभं राहून दिलेल्या साक्षीइतकीच ती मोलाची आहे.

१३
गीतरत्नाला आठ अध्याय आहेत. केस, डोळे, गळा, द्राक्षमळा, रात्री उघडलेलं दार. हे पवित्र शास्त्रात आहे, आणि ते लाजून पुढे उलटायचं पान नाही. त्याच पुस्तकात यरुशलेमेच्या कन्यांना तीनदा बजावलं आहे की प्रेमाला त्याची वेळ येण्याआधी उठवू नका. ओढ आणि थांबणं, दोन्ही एकाच कवितेत.

१४
अमेरिकेत १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस यांचं ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक आलं. डेटिंग सोडा, सरळ लग्नाच्या हेतूनेच भेटा, असं सांगणारं. लेखक तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता, लग्न व्हायचं होतं. पुस्तक जगभर गेलं. आपल्याकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या तरुण गटांतही पोचलं. पुढे अनेकांनी सांगितलं की ते वाचून प्रेमाची धास्तीच बसली, शरीराची लाज वाटू लागली. २०१८ मध्ये लेखकाने माफी मागितली आणि पुस्तकाची छपाई बंद करायला लावली.
पावित्र्य शिकवायला हवं. पण ज्या शिकवणुकीने मुलीला स्वतःचीच किळस वाटते ती येशूची नाही. त्याने विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी पाच नवऱ्यांचा विषय काढला आणि तरीही ती घागर टाकून आनंदाने गावात धावत गेली.

१५
मर्यादा दोघांनी मिळून, उजेडी बसून, चहा पिताना ठरवाव्यात. त्या क्षणी ठरवायला गेलं तर ठरत नाहीत. आणि कुठे थांबायचं हे सांगण्याचं काम नेहमी मुलीवरच टाकू नये.

१६
डीट्रिख बॉनहॉफर. जर्मन पाळक, हिटलरचा विरोधक. जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायरने त्याला होकार कळवला. ती अठरा वर्षांची, तो छत्तिसाचा. तिचे वडील आदल्या वर्षी रशियात लढाईत पडले होते. आईने सांगितलं, वर्षभर थांबा, भेटू नका. ५ एप्रिलला त्याला अटक झाली. त्यानंतर भेटी झाल्या त्या बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, पहारेकऱ्यासमोर. होकारानंतर त्या दोघांना एकांत कधीच मिळाला नाही.
मारियाने आपल्या खोलीत पलंगाभोवती खडूने रेघ काढली, त्याच्या कोठडीच्या मापाची. मग त्या रेघेच्या आत बसून, तो कसा राहत असेल हे ती मनात आणी.
त्याच्या पत्रांत लग्नात कोणती गाणी म्हणायची, घरात काय कुठे असेल, असे बेत आहेत. बाहेर बॉम्ब पडत होते. बेत करणं हाही त्याच्या लेखी विश्वासाचाच भाग होता: देवाला पृथ्वीवरचं आयुष्य नकोसं झालेलं नाही, म्हणून आम्हीही घर मांडणार.
१९४५ च्या फेब्रुवारीत त्याचा पत्ता लागेना, तेव्हा ती गरम कपड्यांची सुटकेस घेऊन कडाक्याच्या थंडीत फ्लॉसेनबुर्गच्या छावणीपर्यंत गेली. तो तिथे नव्हता. ९ एप्रिलला त्याच छावणीत त्याला फाशी दिली. तिला ते जूनमध्ये कळलं.

१७
तुरुंगात गेल्यावर महिन्या-दीड महिन्यात बॉनहॉफरने भाचीच्या लग्नासाठी उपदेश लिहिला. त्याचा गाभा असा: आजपर्यंत तुमच्या प्रेमाने हे नातं आणलं, इथून पुढे हे नातं तुमच्या प्रेमाला सांभाळील. स्वतःचं लग्न लागण्याची आशा तेव्हा त्याला होती.

१८
एकत्र प्रार्थना कशी सुरू करावी, असं मुलं विचारतात. थोडी करावी. दोन-तीन मिनिटं. सुरुवातीला आवाज चोरटा होतो, कारण जोडीदारासमोर देवाशी बोलणं म्हणजे कपाट उघडून दाखवण्यासारखं आहे. एक स्तोत्र आळीपाळीने वाचावं. टिळकांचं एखादं गीत म्हणावं. ती बहुतेकांना तोंडपाठ असतात.
एक जपावं. “प्रभू, हिला तिचा हट्ट सोडायची बुद्धी दे” अशी प्रार्थना तिच्या ऐकत करू नये. बोलायचं आहे ते तिच्याशी बोलावं.

१९
१४ फेब्रुवारी २०१४. रोममध्ये संत पीटर चौकात पोप फ्रान्सिस लग्न ठरलेल्या जोडप्यांशी बोलले. परवानगी मागा, आभार माना, क्षमा मागा. भांडलात तर दिवस मावळण्याआधी समेट करा. ऐकायला हे फार साधं वाटतं. करून बघावं.

२०
विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड होऊ नका, असं पौल करिंथकरांना लिहितो. विश्वास न ठेवणारा नवरा नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नकोस, असंही करिंथकरांनाच लिहितो. पहिलं जोडताना, दुसरं जोडल्यावर.
तीमथ्याची आई युनीके विश्वासी यहूदी होती, वडील ग्रीक. मुलाला विश्वास आजीकडून आणि आईकडून मिळाला.

२१
कॅथलिक व्यक्तीने दुसऱ्या धर्मातल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. पूर्वी मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचं वचन दोघांकडून घेत. १९७० पासून ते फक्त कॅथलिक जोडीदाराकडून घेतात. दुसऱ्याला तसं वचन दिल्याची कल्पना द्यावी लागते. हा बदल चांगला झाला. ज्याचा विश्वास आहे त्यानेच त्याचं ओझं उचलावं.

२२
विशेष विवाह कायद्याखाली नोटीस तीस दिवस सरकारी कचेरीच्या फळ्यावर लागते. तिथे ती वाचणारा तुम्हाला ओळखत नाही. चर्चमधली घोषणा ऐकणाऱ्यांनी तुम्हाला शब्बाथशाळेत रडताना पाहिलेलं असतं.

२३
“सहन कर. हा तुझा क्रूस आहे.”
मार खाणाऱ्या बाईला हे सांगणारे लोक अजून आहेत, तेही बायबल हातात घेऊन. क्रूस येशूने स्वतः उचलला. त्याने तो दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला नाही. कॅथलिक चर्चचा कायदा जोडीदार जिवाला वा मनाला गंभीर धोका देत असेल तर वेगळं राहायची मुभा देतो. देशाच्या कायद्याला उशीर झाला. १८६९ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पत्नीला नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नसे. छळ अधिक व्यभिचार, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. नवऱ्याला नुसता व्यभिचार पुरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही अट रद्द केली, आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला.
प्रेमाच्या दिवसांत एकदा जरी हात उगारला गेला, तरी तिथेच थांबावं. पाळकसाहेबांना, फादरना, घरच्यांना सांगावं. “प्रार्थनेने सुधारेल” म्हणून लग्न करू नये. प्रार्थना लांब राहूनही करता येते.

२४
फ्रान्समधले लुई आणि झेली मार्टिन. दोघांनाही तरुणपणी मठात जायचं होतं, दोघांनाही नकार मिळाला. १८५८ च्या जुलैत मध्यरात्री लग्न लागलं. ती आलाँसाँची लेस विणून घेऊन विके, तो घड्याळजी. तिचा धंदा वाढला तेव्हा त्याने आपलं दुकान विकलं आणि तिचे हिशेब, तिच्या मालाची ने-आण सांभाळू लागला. १८७० साली. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. २०१५ मध्ये चर्चने दोघांना एकाच दिवशी संत ठरवलं. नवरा-बायकोला मिळून हा मान पहिल्यांदाच मिळाला.

२५
काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण काठोकाठ भरले होते. नवरा-नवरीची नावं योहानाने लिहिली नाहीत.

२६
घोषणेआधी बोलून घ्यायच्या गोष्टी. रविवारी कोणत्या चर्चला जायचं, तिच्या की त्याच्या, की एकेक आठवडा. दशांश कोणाच्या पगारातून, किती. घराचं कर्ज असताना द्यायचा का. आईवडील कोणाकडे राहतील आणि तिच्या आईवडिलांचं काय. मूल झालं नाही तर. मूल झालं आणि तिला नोकरी सोडायची नसेल तर. कोणाला पूर्वी कोणी आवडलं होतं का, आणि त्याविषयी किती सांगायचं. दारू. हुंडा, म्हणजे ‘मुलीला प्रेमाने देतो’ म्हणून येतं ते सगळं. मोबाईलचा पासवर्ड. एकाचा विश्वास मध्येच डळमळला तर दुसरा काय करेल.
शेवटच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. चाळिशीत कधीतरी तो येतोच: कोणी गेलेलं असतं, प्रार्थना ऐकली गेली नाही असं वाटतं, चर्चला पाय वळत नाही. तेव्हा दुसऱ्याने उपदेश करायचा नाही. जेवायला वाढायचं, रविवारी एकट्याने जाऊन यायचं, आणि परत आल्यावर आज कुठलं गीत झालं एवढं सांगायचं.

२७
अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. धंदा तंबू करण्याचा. रोममधून यहूद्यांना हाकलल्यावर करिंथला आले. पौल त्यांच्या घरी राहिला, त्याने त्यांच्याबरोबर काम केलं. पुढे इफिसला गेले. तिथे अपुल्लो नावाचा विद्वान सभास्थानात उत्तम बोलला, पण त्याला सगळं ठाऊक नव्हतं. या दोघांनी त्याला लोकांदेखत दुरुस्त केलं नाही; बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं. पुढे रोमला परतले. इफिसला असताना मंडळी त्यांच्या घरी जमत असे, रोमलाही त्यांच्याच घरी. पौलासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला होता.
नव्या करारात त्यांचं नाव सहा वेळा येतं. सहाही वेळा दोघांचं मिळून, आणि त्यांतल्या चार वेळा तिचं आधी.